सागिनची मूठ

आमच्या सागिनला मैदानात वाकताना बघायला म्हातारे पार कोचकोर गावाहून यायचे. धावत्या घोड्यावरून एका अंगाला लोंबकळायचं, जमिनीवरचं बोकडाचं जड धड एका हाताने उचलायचं आणि पलीकडच्या कढईसारख्या गोल ओट्यात नेऊन टाकायचं, हा आमचा कोक-बोरू. माझा धाकटा भाऊ त्यातला गावाचा हुकमी एक्का. लग्न असो, बारसं असो, बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत त्याला बोलावणं ठरलेलं, आणि याला मेल्याला नाही म्हणता येत नाही.

गेल्या शरदात भर सामन्यात धड त्याच्या बोटांतून निसटलं. तेव्हापासून हात खाली जाई, पण मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाला, हात धडधाकट आहे. हा मात्र जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा मुठीची उघडझाप करत राही. 

गावाने निदान केलं, घोडा बिघडला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्याच्या घोड्याच्या, काराकाश्काच्या आयाळीत ताईत बांधला, खरारा बदलला, खुराक बदलला. शेवटी शेजारच्या गावाशी सामना तोंडावर आला, तेव्हा संघाचा म्होरक्या झानिबेक, जाणते म्हातारे शार्शेन आक्सकाल यांना घेऊन आमच्या दारी आला. म्हाताऱ्याचा जन्म शर्यतीचे घोडे तयार करण्यात गेलेला. त्यांनी काराकाश्काला दौडवलं, झुलीखाली हात घालून घाम बोटांवर चोळून पाहिला.

"दमलाय. शरदापर्यंत खोगीर नाही. वर कुरणात सोडा."

कुणी हूं की चूं केलं नाही. झानिबेक सागिनला म्हणाला, "चल, रविवारी माझा तांबडा घे."

मी चहा आणत होते. माझं डोकंच फिरलं. "वा रे न्याय! घोडा दमला तर कुरण, आणि माणूस दमला तर दुसरा घोडा?"

"एजे, मोठी बहीण असलीस तरी तू यात पडू नकोस," सागिन म्हणाला. "नाही गेलो तर लोक म्हणतील, घाबरला."

"मग नाही घाबरलास?"

त्याने वाटी खाली ठेवली आणि पुन्हा मुठीची उघडझाप सुरू केली. 

आक्सकाल उठले. झुलीखाली घातला होता तसाच हात त्यांनी न विचारता सागिनच्या कॉलरमध्ये घातला.

"बसल्या जागी थंड घाम. पोरा, खेळताना मजा शेवटची कधी आली?"

सागिनने आठवून पाहिलं. "नाही आठवत, आक्सकाल."

"यालाही सोडा."

"म्हणजे आम्ही हरायचं?" झानिबेक उसळला.

"हरा की. घोड्याला सोडा म्हणालो, तेव्हा नाही हे विचारलंस!"

रविवारी आम्ही हरलो, सणसणीत हरलो. दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या घेऊन वर कुरणात गेले. काराकाश्का चरत होता आणि हा शेजारी गवतात उताणा पडला होता. मला बघताच ताडकन उठून बसला.

"हरलो?"

"हरलो."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कसं, मूर्खा? तू होतास कुठे तिथे?"

 मग एवढा थोरला गडी तोंड झाकून हमसाहमशी रडला. मी भाकरी मोडत राहिले. रडून झाल्यावर त्याने ती सगळी खाल्ली. मुठीची उघडझाप अजून चालूच होती. असू दे, शरद लांब आहे.