पीठ बसलेलं झाड

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना फोटो आला, ओळखा ही जागा. पत्र्याची भिंत नि पुढे एक पांढरट झाड. नात म्हणाली, "आजी, फोटो फिका पडलाय गं."

अगं, फिका कसला! गिरणीचं पीठ आहे ते, पानांवर बसलेलं. त्या कडुनिंबाखाली डबे ठेवून मी नि माझी मैत्रीण सुमन नंबरावरून भांडायचो.

नातीने लिहिलं, 'जुनी गिरणी.' सगळ्यांनी होकाराचे अंगठे पाठवले. एकानेही हुज्जत घातली नाही, त्यानंच मला कसंसं झालं. सुमन असती तर म्हणाली असती, "कडुनिंब कसला, चिंच होती ती!"

मी फोटो मोठा करून पाहिला. पिठाखाली पानं काही ओळखू येईनात. आता विचारू तरी कुणाला?