नोराचं घड्याळ

काल कपाट आवरताना नोराची स्वरलिपीची जुनी वही हाती आली. तिच्या ओलसर कागदाच्या वासासरशी मी पुन्हा २०२१ मध्ये, आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नोराच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहिले.

आमच्या गायकवृंदाने एका विस्मृतीत गेलेल्या इंग्रज संगीतकाराची रचना नव्याने ध्वनिमुद्रित करायला घेतली होती. तिची एकमेव प्रत याच वहीत, आमच्यात गाणाऱ्या ऐंशी वर्षांच्या नोराकडे उरली होती. शाळेत असताना ती ही रचना गायली होती. लॉकडाऊन होतं, म्हणून प्रत्येकाने घरीच गाऊन फोनवर मुद्रित करून पाठवायचं आणि कुणाचा आवाज घ्यायचा याची यादी मी ठेवायची. नोराच्या आवाजामागे भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. दोनदा मी तिला पुन्हा गायला लावलं. तिसऱ्यांदाही टिकटिक आली, तेव्हा तिच्या नावापुढे ‘बाद’ लिहून मोकळी झाले. तिला कळवलं मात्र नाही.

तयार सीडी द्यायला गेले, तर तिने ती लगेच लावली आणि मलाही बाहेरून ऐकू यावं म्हणून खिडकी उघडी ठेवली.

“यात मी कुठे आहे?”

“दुसऱ्या कडव्यात. वरच्या सुरांत,” मास्कआडून मी यादी वाचावी तसं सांगितलं.

डोळे मिटून ती ऐकत राहिली. मग हसली.

“ग्रँड! घड्याळ तेवढं काढलंस आणि मला ठेवलंस. किती खपली असशील गं!”

निघताना तिने खिडकीतून ही वही पुढे केली. “तुझ्याकडे नीट राहील.”

वही नीट राहिली आहे. उघडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.