सासुरवाडीवर धाड

माझा एक चुलतभाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एका सुट्टीत त्याने परदेशातून एक चपटा खोका आणला आणि भुसावळच्या आमच्या घरात बंडखोरी सुरू झाली.

खोक्यात गनिमी काव्याच्या लढाईचा खेळ होता. निळ्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या सरकारच्या, लाल बंडखोरांच्या. लाल सोंगट्या पालथ्या ठेवायच्या. त्यांतल्या काही खऱ्या, बाकीच्या कोऱ्या, नुसती हूल द्यायला. सरकारने गावोगाव धाडी घालून खरी टोळी धरायची, बंडखोरांनी डाव संपेपर्यंत तग धरायचा. आणि एक मेख होती. धाड पडली की ते गाव सरकारवर उलटायचं, ते पुन्हा काही वळायचं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, निवृत्त फौजदार. पटावरची गावं कुठल्याशा बेटावरची, ती वाचताना त्यांची जीभ अडखळायची. "ज्या गावाचं नाव घेता येत नाही, तिथे बंदोबस्त काय ठेवणार?" म्हणून चिडायचे. शेवटी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आपला खानदेशच काढला. वर सातपुडा, मधून तापी, इकडे जामनेर, एदलाबाद, तिकडे धुळे, शिरपूर. सरकार अर्थातच आबा. गावं उलटण्याची त्यांना फिकीर नव्हती. टोळी हाती लागली की गावाला कोण विचारतो, असं त्यांचं म्हणणं.

शिरपूर हे माझ्या आईचं माहेर. दोन-चार डावांतच माझ्या लक्षात आलं, की आबा सगळा खानदेश पालथा घालतात, पण शिरपूरला वळसा घालून जातात.

"तिथे का नाही धाड?" मी भोळेपणाचा आव आणून विचारलं.

"जावई सासुरवाडीला बोलावल्याशिवाय जात नाही," आबा गंभीरपणे म्हणाले. "आणि गेला तर पाटावर बसतो. लोकांचे माळे धुंडाळत नाही."

नोकरीत असतानाही ते वर्दी घालून तिकडे फिरकले नव्हते. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि पुढच्या डावापासून सगळी खरी टोळी मामाच्या घरी मुक्कामाला धाडली. आबा हरत, चडफडत, माझ्या नकाशात खोट काढत. पण शिरपूरच्या वेशीत पाय टाकत नसत. मला मात्र उकळ्या फुटायच्या.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. आबांनी साफ नाही म्हटलं. जळगावला चांगलं कॉलेज नाही का, घरून रोज जाऊन-येऊन होणारं? आईही त्यांच्याच बाजूने. पोर एकटी हॉस्टेलात ठेवली तर भावकीला काय सांगायचं, हे तिचं पालुपद. एरवी भाजीत मीठ किती यावरही या दोघांचं जमत नसे, पण माझ्या पुण्याच्या बाबतीत काय ती एकजूट! मी रडून पाहिलं, अबोला धरला, जेवण सोडलं. शेवभाजीचा वास आला आणि तो सत्याग्रह मोडला.

शेवटी वैतागून आबाच म्हणाले, "एक डाव खेळू. जिंकलीस तर जा. हरलीस तर पुण्याचं नाव काढायचं नाही."

मनात म्हटलं, बॅग भरायला घ्यावी.

रविवारी दुपारी पट मांडला. आई आत पापड लाटत होती. आबांनी जामनेर धुंडाळलं, एदलाबाद धुंडाळलं, धुळं तर दोनदा. हाती कोऱ्या सोंगट्या. शेवटची खेळी उरली आणि एकटं शिरपूर उरलं. आबा उठले, माठातलं पाणी प्यायले, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि परत येऊन निळी सोंगटी झटकन शिरपुरात सरकवली.

माझा विश्वासच बसेना. त्यांनी एकेक लाल सोंगटी उलटली. सगळ्या खऱ्या. पुणं गेलं, आणि तेही माझ्या अतिशहाणपणामुळे.

"धरी लिधी! बठ्ठी टोळी धरी लिधी!" आबा ओरडले. आनंद झाला की त्यांची फौजदारी मराठी गळून पडायची आणि घरची अहिराणी बाहेर यायची.

लाटणं घेऊन आई दारात आली. "कोठे धरी?"

"शिरपूरले," आबा उत्साहात बोलून गेले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"मना भाऊना घरमा पोलीस घाल्यात तुम्ही?"

"अवं, कागद शे तो."

"कागदवर बी माहेर मनंच शे." आईचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट लक्षण होतं. "पोर पुन्याले जाई. मी धाडसू. कोन आडावस ते दखसू."

आणि ती पुन्हा पापडांना लागली.

आबांनी नियमांचं पुस्तक ओढलं, उलटसुलट चाळलं. "आता सरकारनं काय करायचं असतं?"

"ते नाही दिलेलं त्यात," मी म्हणाले. हसू दाबताना माझा जीव जात होता.

त्यांनी शिरपुरातली निळी सोंगटी हळूच उचलून धुळ्याला नेऊन ठेवली. पट आवरायला घेतला. खोक्यात सोंगट्या भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी खेळायचं कोणाशी?"

तेव्हा कळलं, जळगावचं कॉलेज इतकं चांगलं का होतं ते. पुण्याला जायचं म्हणून महिनाभर भांडलेली मी, आणि त्या घडीला मला कुठेच जावंसं वाटेना.