दीपमालाचा एक तरी शॉट

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजात मुलींची बास्केटबॉल मॅच आहे म्हटलं, की मैदानाच्या कडेला एक माणूस हमखास दिसायचा. अंगात खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट, डोक्यावर टोपी आणि पुढ्यात वर्गातून उचलून आणलेल्या बाकावर कॅमेरा. हा धम्मपाल. केबलचं चॅनल होतं बन्सीलालशेठचं, पण धुळ्यात लोक त्याला धम्मपालचं चॅनल म्हणत. बन्सीलालशेठना कॅमेऱ्यामागे कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते नेहमी कॅमेऱ्यासमोर असत.

आता केबलवरची मॅच ती कसली! खाली साड्यांच्या सेलची पट्टी सरकतेय, वरच्या कोपऱ्यात कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस चाललाय आणि मध्ये उरलेल्या जागेत दहा पोरी धावतायत. त्यात प्रमुख पाहुणे. आमच्याकडे पाहुणे मॅच सुरू व्हायच्या वेळी येत नाहीत. वेळेवर आले तर ते पाहुणे कसले? ते उगवतात तिसऱ्या क्वार्टरला. मग माइकवर नाव पुकारलं जातं, शाल निघते, नारळ निघतो, गुच्छ निघतो. इकडे खेळ चालूच असतो. पण चॅनलचा नियम ठरलेला होता, पाहुणे आले की कॅमेरा पाहुण्यांकडे. वाढदिवसाच्या पट्ट्या देणारे तेच, त्यांना नाराज करून चॅनल चालणार कसं? त्यामुळे देवपूरकरांनी कित्येक मॅचमधला जिंकून देणारा बास्केट पाहिलेलाच नाही. नारळ मात्र झाडून सगळे पाहिलेत.

धम्मपालची एकुलती एक लेक दीपमाला याच कॉलेजच्या संघात होती. सात नंबरची जर्सी. उंचीला बेताची, पण बॉल हातात आला की कुणाला सापडायची नाही. तिची पहिली मॅच धम्मपालनं कुठलाही बाप करील तशीच शूट केली. बॉल तिच्याकडे असो नसो, कॅमेरा तिच्यावर. पाहुण्यांनासुद्धा त्या दिवशी त्यानं जेमतेम हार घालण्यापुरतं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हरलेल्या संघातल्या एका मुलीचा काका भेटला. "काल घरचं चॅनल पाहिलं बुवा आम्ही," तो म्हणाला. चार लोक हसले. धम्मपालही हसला, चहा संपवला आणि निघाला. एवढंच. पण ते वाक्य त्याच्या मनात जे बसलं ते काही केल्या निघेना. भाड्याच्या कॅमेऱ्यावर हळदी आणि लग्नं शूट करत तो इथवर आला होता. त्याच्याकडे बोट दाखवायला टपून बसलेले कमी नव्हते, आणि आपल्या कामाला कोणी नाव ठेवलेलं त्याला सहन व्हायचं नाही.

मग त्यानं मनाशी पक्कं केलं. बॉल सात नंबरकडे गेला की कॅमेरा दुसरीकडे. कधी कोचच्या टकलावर, कधी गुणफलकावर, कधी बाकड्यावर पाणी पिणाऱ्या पोरींवर. पाहुणे असले तर प्रश्नच मिटला. सुरुवातीला हे त्याला आठवणीनं करावं लागायचं. पुढं हाताला इतकी सवय झाली, की हात आपोआप वळायचा. बघणाऱ्यांच्या काही लक्षात आलं नाही. उलट बन्सीलालशेठ म्हणाले, "धम्मपाल, तुझं काम मोठं बॅलन्स असतं."

लक्षात आलं फक्त लिलाबाईच्या. ती धम्मपालची बायको. एका खासगी दवाखान्यात ती आया होती. मॅच चारच्या आणि तिची सुट्टी सहाला, त्यामुळे मैदानावर ती कधी जाऊच शकली नाही. संध्याकाळी तीच मॅच टीव्हीवर पुन्हा लागायची, तेव्हा ती पीठ मळता मळता पाहायची. पहिल्या मॅचच्या दिवशी नेमकं तिला दवाखान्यात रात्रीही थांबावं लागलं, तेवढी हुकली.

"बठ्ठ्या पोरी दखातस," ती आपल्या अहिराणीत म्हणायची, "आपलीच कशी दखास नई?"

"दिसेल आता," धम्मपाल म्हणायचा.

दीपमाला भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असायची. पुढं पुढं लिलाबाईनंही विचारायचं सोडलं.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता दीपमालाला ताप आला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरत गेल्या त्या थांबल्याच नाहीत, आणि आठवडा पुरा व्हायच्या आत ती गेली.

धम्मपाल रडला नाही. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, घरी आल्यावरही नाही. चॅनलवर तिच्या श्रद्धांजलीची पट्टी लावायची होती. बन्सीलालशेठ म्हणाले, दुसऱ्या कुणाला करू दे. तो म्हणाला, नको, माझं होत आलंय. त्यानं तिचा फोटो कापून घेतला, चेहऱ्यावरचा उजेड थोडा वाढवला, "भावपूर्ण" या शब्दाचा रंग दोनदा बदलून पाहिला आणि पट्टी सोडली. त्या दिवसापासून त्याच्या अंगात जणू कोणी राहतच नव्हतं. ताट पुढं आलं की जेवायचा. कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचा. लोक म्हणाले, माणूस मोठा धीराचा. धीर कसला न् काय! त्याला काही वाटतच नव्हतं. गाडीवरून पांझरेचा पूल ओलांडून मैदानावर जायचं, बाकावर कॅमेरा मांडायचा, मॅच शूट करायची, परत यायचं. सात नंबर आता दुसऱ्या एका पोरीला मिळाला होता. तिच्याकडे बॉल गेला, की धम्मपालचा हात अजूनही कोचकडे वळायचा. आता तसं करायचं काही कारण उरलं नाही, हेही त्याला सुचत नव्हतं.

वर्ष भरत आलं. स्मृतिदिनाला घरी भन्तेजी येणार, वंदना होणार, नातेवाईक जमणार. तयारीचं बोलणं चाललं असताना लिलाबाई म्हणाली, "त्या दिनले तिले खेयतांना दखाडा टीव्हीवर. फोटो तं भिंतवर शेच. मी तिले खेयतांना एकदाव बी दखेल नई."

"दाखवतो," धम्मपाल म्हणाला.

मोबाइलवर दीपमालाचे व्हिडिओ होते. केक कापताना, गच्चीवर मैत्रिणींबरोबर नाचताना. पण मॅचच्या आधी कोच सगळ्या पोरींचे मोबाइल एका पिशवीत जमा करून घ्यायचे, तेव्हा खेळतानाचं काही नव्हतं. मग तो चॅनलच्या ऑफिसात बसला आणि जुन्या मॅच काढून पाहू लागला. पहिल्या मॅचचं शूटिंग जागा करायला म्हणून कधीच पुसलं गेलं होतं. ते त्यानंच पुसलं होतं. बाकीचं सगळं होतं. त्यात दीपमालाचं कोपर होतं. वेणीचं टोक होतं. सात नंबरची पाठ होती, आणि ती पाठ वळायच्या आत कोचचं टक्कल येत होतं. ती बॉल घेऊन निघाली की पडद्यावर नारळ. मैदानावर टाळ्या पडतायत, पोरी "दीपा, दीपा" ओरडतायत आणि पडद्यावर कोणी माजी सभापती गुच्छ घेऊन हसतोय. मॅचमागून मॅच हेच. सगळे तुकडे एकत्र जोडले असते तरी त्यातून एक अख्खी पोरगी झाली नसती. धम्मपालनं ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटत नाही, एवढं मात्र त्याला कळलं.

तेव्हा त्याला कॉलेजच्या संघाबरोबर जाऊन शूट केलेली जळगावची फायनल आठवली. तिथं जळगावच्या केबलवाल्यांचा पुना म्हणून एक कॅमेरामन मैदानाच्या पलीकडच्या कडेला बसला होता. धम्मपालनं त्याला फोन लावला. "मी काही पुसत नाही भाऊ," पुना म्हणाला, "लग्नंसुद्धा ठेवतो. लोकांचे घटस्फोट झाले, पण माझ्याकडे लग्नं आहेत. या तुम्ही."

धम्मपाल जळगावची एसटी धरून निघाला. पारोळा गेलं, एरंडोलला गाडीत भेळवाला चढला आणि उतरला. धम्मपाल खिडकीशी बसून होता, पण बाहेर काय चाललंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पुनानं घरी बसवलं, पाणी दिलं, कॉम्प्युटर लावला. कुणाची मॅच, कशाला हवी, हे त्यानं विचारलं नाही आणि धम्मपालनं सांगितलं नाही.

"माझी पद्धत वेगळी आहे," पुना म्हणाला. "बॉलच्या मागं मी पळत नाही. एक चेहरा धरतो आणि त्याच्यावर मॅच काढतो. त्या फायनलला तुमच्या धुळ्याची एक पोरगी धरली होती. सात नंबर."

आणि पडद्यावर दीपमाला आली. अख्खी. बुटाची नाडी बांधताना, जर्सीच्या बाहीनं घाम पुसताना, पास चुकवला म्हणून मैत्रिणीवर डाफरताना, तिघींच्या मधून वाकून निघताना. बॉल टाकला, गेला आत. टाळ्या. ती वळली आणि मैदानापलीकडे पाहिलं. मैत्रिणींकडे नाही, कोचकडे नाही. कमरेजवळ ठेवलेला हात तिनं जरासा हलवला, कुणाला दिसलं न दिसलं असा, आणि पळत आपल्या जागी गेली. पुढचा बास्केट झाला, पुन्हा तेच. त्याच्या पुढचा झाला, पुन्हा तेच. एकदा पुनाचा कॅमेरा तिच्या नजरेमागोमाग फिरला. पलीकडे बाकाशी खाकी जाकीट घालून धम्मपाल वाकून उभा होता. त्याचा कॅमेरा स्टेजकडे होता. स्टेजवर नारळ चालला होता.

"हौशी पोरगी," पुना म्हणाला. "टीव्हीवर यायची फार हौस दिसते. सारखी तुमच्या कॅमेऱ्याकडे बघते."

"हो," धम्मपाल म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीनं तो धुळ्याला आला. पुनानं मॅच भरून दिलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. लिलाबाई हात पुसत येऊन अगदी पुढ्यात बसली. दीपमाला दिसली तशी तिनं तोंडावर पदर धरला, मग हसली, मग पहिला बास्केट पडला तेव्हा तिनं खरोखरच टाळी वाजवली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती घडीघडी कोनाकडे दखी राहिनी?"

गुणफलक तिकडंच होता, असं म्हणता आलं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

"माझ्याकडे," धम्मपाल म्हणाला.

"आनि तुम्ही?"

"पाहुण्यांकडे."

लिलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे डोळे टीव्हीवरच होते. "तिले मालूम व्हतं," ती म्हणाली. "माले म्हने, मम्मी, पप्पाले काही इचारू नको. लोके नावं ठेवतीन त्यास्ले."

धम्मपालनं टीव्ही बंद करायला हात पुढं केला. लिलाबाईनं तो धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आते तरी दखा."

तो तिच्या शेजारी फरशीवर बसला. वर्षभर कुठं दडून बसलं होतं कोण जाणे, पण आता त्याला रडू फुटलं. डोळे पुसत पुसत तो लेकीची मॅच शेवटपर्यंत पाहत राहिला.