खडक मोकळा झालेला त्यांना आधी कळायचा

चपला काढल्याशिवाय आमचे जुने पंपवाले पंप सुरूच करायचे नाहीत. आटलेल्या बोअरमध्ये जोरानं पाणी दाबून आतल्या खडकाच्या भेगा मोकळ्या करायच्या, हे आमच्या काचीगुड्याच्या छोट्या कंपनीचं काम. खडक मोकळा झाला की दाबाचा काटा झटकन पडतो. आम्ही सगळे काट्याकडे बघत बसायचो. ते डोळे मिटून अनवाणी उभे असायचे आणि काटा पडायच्या आत हात वर करायचे, "हौ, खुला पत्थर!" एखाद्या दिवशी चुकले तर स्वतःवरच चिडायचे, "आज पायच बहिरे झाले माझे."

परदेशी माल मोकळेपणानं येऊ लागला तसा मालकांनी खडक मोकळा होताच आपोआप बंद होणारा पंप मागवला. पाच माणसांचं काम दोघांत होणार होतं, डिझेलही वाचणार होतं. कुणाला ठेवायचं याची यादी मीच केली होती. त्यांचं नाव तीत नव्हतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

पहिली चाचणी चिक्कडपल्लीत एका अपार्टमेंटमागे झाली. ते न बोलावता आले. त्यांचा हात वर गेला, यंत्र मात्र जरा वेळानं थांबलं. मला मनातून बरं वाटलं. आता मालक यांना ठेवून घेतील.

ते माझ्याजवळ आले.

"सायब, उगा पाणी वाया चाललंय. मी हात दाखवतो, तुम्ही त्याचं थांबायचं बटण तसं फिरवत ऱ्हावा."

चौथ्या बोअरला त्यांचा हात वर गेला आणि त्याच क्षणी यंत्र थांबलं.

"आता जमलं त्याला," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.