चार वाजायच्या आत कपाशीचं फूल

सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला माझ्या कामाचा गर्व आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जी फजिती येणार आहे ती ह्या गर्वाचीच. बारा वर्षांत शेकडो बंद पडलेले कॉम्प्युटर मी चालू केलेत. ह्या नितीननं 'बोर्ड गेला' म्हटलं की लोक मान डोलावतात आणि घरी जातात. एकाच बाईनं मान डोलावली नाही. ती म्हणजे मालतीमावशी.

मावशी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या आईच्या माहेरगावची, अमळनेरकडची, म्हणून मावशी. बोलते अजून अहिराणीच. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन सुरतला आली. नवरा, लोटूकाका, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, त्यामुळं त्यांच्या घरातला टीव्ही खाली रस्त्यावरही ऐकू येतो. मावशी एका जरीच्या कारखान्यात लागली. केसाइतकी बारीक तांब्याची तार धाग्यावर चढते, तिला वर सोनेरी मुलामा असतो, आणि तो धागा फिरकीवर भरायचा. हे काम तिनं वीस वर्षं केलं. ती जरी कुठल्या साडीत गेली, कोण नेसलं, तिला कधीच कळलं नाही. फिरक्या पेटीत जायच्या, पेटी टेम्पोत जायची, संपलं.

मग प्लास्टिकची जरी आली आणि कारखाना बंद पडला. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मावशी एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये धागे कापायला जाऊ लागली. तिथं एक मुलगी कॉम्प्युटरवर 'पंचिंग' करायची. पंचिंग म्हणजे कागदावरचं चित्र टाक्यांमध्ये उतरवायचं, कुठला टाका कुठून कुठं जाणार, कुठल्या दिशेनं, सगळं मशीनला सांगायचं. मावशीनं विचारलं, मला शिकवशील का? सगळं युनिट हसलं. मीही हसलो होतो, उगाच कशाला खोटं बोलू. आठ महिन्यांनी तीच बाई माझ्या दुकानात येऊन जुना डेस्कटॉप घेऊन गेली, आणि त्याच्यावर काय काय बसवायचं ते मलाच ऐकवून गेली.

सात वर्षं तिनं दुसऱ्यांची चित्रं टाक्यांत उतरवली. तेच मोर, त्याच कैऱ्या. गेल्या वर्षी मात्र तिच्या डोक्यात स्वतःचं काहीतरी शिरलं. कपाशीचं फूल. पहिल्या दिवशी पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. माहेरच्या शेतात पाहिलेलं. तिनं पदरभर कपाशीचा वेल काढला, एकाच वेलावर दोन रंगांची फुलं, आणि पलसाण्याच्या एका कारखान्यात सॅम्पल बघणाऱ्या भूपेंद्रभाईंना मोबाइलवर दाखवला. भूपेंद्रभाई जुना माणूस, बोलायला कडक. त्यांना तो आवडला. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं सॅम्पलचं मशीन मोकळं होणार होतं, आणि त्या दिवशी चारपर्यंत फाइल पाहिजे होती. एवढी एक संधी होती. चार वाजले की मशीनवर दुसऱ्याचा मोर चढणार होता.

दसऱ्याला मावशीनं पूजा केली. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं पुजतात. कात्री, स्कूटर, काकांचा जुना पाना आणि कॉम्प्युटर. मावशीनं झेंडूबरोबर आणखी एक केलं. जरीच्या दिवसांची एक अर्धी फिरकी तिनं ट्रंकेत जपून ठेवली होती. तिचं बारीकसं तोरण वळलं आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर बांधलं. मी फाफडा-जिलेबी खायला गेलो तेव्हा ते पाहिलं आणि 'वा' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन आला.

"नितीन, बटन दाबस ते पंखा जरासा हालस नि थांबी जास. तू ये. लगेच ये."

गेलो. मावशी खुर्चीवर न बसता खुर्ची धरून उभी होती. काम साधारण अडीच तासांचं उरलं होतं. पंचिंगचं सॉफ्टवेअर ह्याच कॉम्प्युटरवर, दुसरीकडं नेऊन बसवायचं तर दिवस गेला असता. मी म्हटलं, "मावशी, चहा ठेव. चहा होईपर्यंत चालू करतो."

चहा तीनदा झाला. आधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, वीज होती. केबल बदलली. मधला यूपीएस काढून सरळ भिंतीला लावलं. मग वाटलं, बटणच अडकलं असेल, म्हणून त्याच्या वायरी काढून बोर्डावरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं जोडल्या. तेच. पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि गप्प. रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. तेच. म्हणजे पॉवर सप्लाय गेला, वीज आत वाटणारी ती पत्र्याची पेटी. दुकानातून नवीकोरी आणून लावली. नव्या पेटीनंही अर्धा फेरा घेतला आणि गप्प.

तेव्हा बारा वाजले होते. मी घाम पुसला आणि माझं ते वाक्य म्हटलं. "मावशी, मदरबोर्ड गेला. तुझी फाइल कुठं जात नाही, डिस्क चांगली आहे. पण दुसरा बोर्ड मिळवून बसवायला तीन दिवस लागतील."

तेवढ्यात भूपेंद्रभाईंचा फोन आला. मावशीनं स्पीकरवर घेतला. "बेन, चार वाग्या सुधी राह जोईश. पछी मशीन बीजाने आपी दईश." चारपर्यंत वाट बघतो, मग मशीन दुसऱ्याला. मावशी म्हणाली, "हा भाई, मळी जशे." मिळेल म्हणाली! मी तिच्याकडं बघतच राहिलो. मला तिचा रागही आला, खरं सांगतो. मी बोर्ड गेला म्हटल्यावर ही बाई कुणाच्या जिवावर 'मिळेल' म्हणते?

फोन ठेवून तिनं मला विचारलं, "जुनी पेटी चालू करी तवय काय व्हये?"

"अर्धा फेरा आणि बंद."

"नि नवी?"

"तेच."

"मग मरी कोन ऱ्हायनं?" मावशी म्हणाली. "नवीकोरी पेटी बी तठेच थांबस. मरी नही ऱ्हायनी रे, थांबी ऱ्हायनी. लूमवर धागा तुटना का लूम सोता थांबस. मंग आपण लूम भंगारमा देतस का? धागा देखतस."

लोटूकाकांना एरवी काही ऐकू येत नाही, पण 'लूम' शब्द त्यांना टीव्हीच्या आवाजातूनही ऐकू गेला. त्यांनी टीव्ही बंद केला आणि जवळ येऊन उभे राहिले.

मी हसणार होतो, पण हसू आलं नाही, कारण बाई बरोबर बोलत होती. आत कुठं शॉर्ट असला की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला थांबतो. हे मला पाठ आहे. पुस्तकातलं पाठ आहे, आणि गर्वाच्या नादात मी ते त्या सकाळी विसरलो होतो.

मावशी आता डब्याकडं बघत नव्हती, डब्यावरच्या तोरणाकडं बघत होती. एका बाजूचा पीळ उसवला होता. तिनं सांगितलं, जरीच्या कारखान्यात महिन्यातून एकदा तरी मेन स्विच उडायचा. शेठ ओरडायचा, मोटर जळाली, मिस्त्रीला बोलवा. आणि दर वेळी स्विचबोर्डावर जरीचा एखादा तुकडा पडलेला असायचा. तांब्याचीच तार ती, दोन ठिकाणी टेकली की झालं.

"तोरण बाहेर बांधलं होतंस," मी म्हटलं. "आत कसं जाईल?"

 मावशीनं डब्याच्या उघड्या कुशीकडं बोट दाखवलं आणि मग टेबलफॅनकडं. उन्हाळ्यात डबा तापतो म्हणून बाजूचं झाकण काढून ठेव आणि समोर पंखा लाव, असा सल्ला तिला एका हुशार माणसानं दिला होता. तो हुशार माणूस म्हणजे मी.

मी वायर काढली आणि आत उरलेली वीज निघून जावी म्हणून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावलो. धूळ, पिना, सोनेरी ठिपके. काही दिसेना.

"तशी नही दिसाव," मावशी म्हणाली. "सरक."

तिनं खिडकी लावून घेतली. डबा आडवा केला. टॉर्च वरून न मारता बोर्डाला चिकटवून, आडवा धरला. संध्याकाळी कारखाना झाडताना बायका दिवा असाच फरशीला टेकवून धरायच्या, कारण जरी वरून बघितली तर दिसत नाही, बाजूनं उजेड आला की चमकते. मावशी टॉर्च हळूहळू सरकवत गेली. मग ग्राफिक्स कार्ड काढायला लावलं, जे काढायचा मी सकाळपासून आळस केला होता. कार्ड निघालं आणि त्याच्या खालच्या खाचेपाशी सोनेरी रेघ चमकली. बोटाच्या पेराएवढी. दोन पिनांवर आरामात पहुडलेली.

"ती देख," मावशी हळूच म्हणाली.

धागे काढायच्या चिमट्यानं तिनं ती तार उचलली. बोर्डाला दुसरीकडं कुठंही न टेकवता, एका दमात. वीस वर्षं तार हाताळलेला हात होता तो, जरासुद्धा हलला नाही. मी तिची जुनीच पेटी परत बसवली, कार्ड लावलं, वायर लावली. बटण दाबायला पुढं झालो, तर मावशीनं माझा हात बाजूला सारला.

तिनंच दाबलं. पंख्यानं अर्धा फेरा घेतला, पुरा घेतला, दुसरा घेतला आणि घरघरत राहिला. पीं असा आवाज आला. पडदा उजळला. काका त्यांना स्वतःलाच ऐकू यावं इतक्या जोरात ओरडले, "चालू व्हयना!" खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. मला इतका आनंद झाला की मीही ओरडलो, आणि मग आठवलं की आपण तर हरलोय.

सव्वा वाजला होता. मावशी खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मी झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि तिथंच बसून राहिलो. दुकान उघडायला गेलो नाही. तिनं फुलांचा गुलाबी रंग भरला, पानांच्या टाक्यांची दिशा फिरवली, शेवटची दोन पानं तर पळत पळत केली. चारला दहा कमी असताना फाइल गेली. चारला चार कमी असताना भूपेंद्रभाईंचा फोन आला. "बेन, चढावी दीधी." मशीनवर चढवली. मावशीनं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "उनं ना टाइमवर?" वेळेत झालं ना, असं तिलाच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मी म्हटलं, "झालं, मावशी. तुझ्यामुळं झालं."

दिवाळीनंतर पलसाण्याहून पार्सल आलं. भूपेंद्रभाईंनी पहिली साडी तिलाच पाठवली होती. मावशीनं मला वर बोलावलं. साडी काळपट हिरवी, पदरावर कपाशीचा वेल, पिवळी फुलं, गुलाबी फुलं. मला वाटलं ती खांद्यावर टाकून बघेल. तिनं आधी पदर उलटा केला आणि मागचे टाके तपासले. कडेच्या एका पानावर बोट ठेवलं.

"हाई पान देख. घाई दिसस. हाई तुना बोर्डनं पान शे."

माझ्या 'बोर्ड गेला'चं पान! तिथं टाके खरंच जरा दाट पडले होते. तो माझा सकाळभरचा वेळ होता, साडीत कायमचा शिवलेला.

मग तिनं साडी सुलटी केली आणि खांद्यावर घेतली. घरातला आरसा लहान, त्यात पदर मावेना. ती कॉम्प्युटरपुढं उभी राहिली. कॉम्प्युटर बंद होता, तिनंच बंद करून ठेवला होता. त्या काळ्या पडद्यात तिनं स्वतःला पुष्कळ वेळ पाहिलं.

"वीस वरीस जरी भरी," ती म्हणाली. "कोठे गई, कोनी नेसी, काय बी माहीत नही." तिनं पदर पसरून धरला. "हाऊ पदर मातर मना शे."