उन्हात ठेवलेला स्फटिक

इतवारीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाबा कोष्ट्यांसाठी सूत रंगवायचे. नवा रंग जमला की त्याची एक लडी गच्चीवर उन्हात टाकायची आणि रंग उडाला नाही तरच तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, हा आमच्या घरचा रिवाज. कच्चा रंग म्हणजे अब्रूचा प्रश्न.

अशा घरातला माझा मोठा भाऊ सत्तरच्या दशकात भौतिकशास्त्राच्या संशोधनाला लागला, तोही नेमका रंगावरच. मिठासारखे क्षार भट्टीत वितळवून तो काचेसारखे स्वच्छ स्फटिक तयार करायचा. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की रंगाचा थेंब न लावता ते जांभळे व्हायचे. आतल्या मांडणीत जागा रिकाम्या होतात, तिथे इलेक्ट्रॉन अडकतात, तोच हा रंग, असं तो जेवताना मला पढवायचा. मी बी.एस्सी.ला होते, त्यामुळे सुटका नव्हती.

काविळीचं निमित्त झालं आणि दादा गेला. प्रबंध अर्धाच राहिला. त्याच्या मित्राने प्रयोगशाळेतून त्याचा स्वेटर, डबा आणि काळ्या कागदात गुंडाळलेला एक स्फटिक आणून दिला.

तेरवी झाल्यावर एका सकाळी मी गच्चीवर गेले, तर बाबा उकिडवे बसलेले. समोर विटेवर स्फटिक, पाण्यासारखा बिनरंगी.

"पोराच्या हातचा रंग. म्हटलं उन्हाले दाखवाव," ते म्हणाले. "पाहता पाहता उडाला. कच्चा होता का वं?"

मला भयंकर राग आला. मग त्यांचं तोंड पाहिलं आणि रडूच फुटलं. मोठ्या मानाने त्यांनी मुलाचा रंग उन्हात ठेवला होता, आणि आपला मुलगा कामात कच्चा निघाला असं समजून ते बसले होते.

"नाही बाबा," मी म्हणाले, "उजेड लागला का अडकलेला इलेक्ट्रॉन सुटते. हा रंग अंधारातच राहते. दादाचं काही चुकलं नाही."

त्यांना ते पटलं असावं. स्फटिक धोतराला पुसून त्यांनी पुन्हा काळ्या कागदात गुंडाळला.

"तुले ठाऊक होतं," ते म्हणाले. "मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?"

हेच मी दादाला एकदा विचारलं होतं. "बाबांले काय समजते त्यातलं," तो हसून म्हणाला होता.

"टाइम नाही भेटला त्याले, बाबा," मी म्हणाले.